हजेरीपटावरचा पूर

८ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, टाइम ऑफिसात बसून मी तेहतीस नावांपुढे लाल पेनानं 'गै' लिहिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेलं. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, ट्रकांची रांग नजरेपलीकडे. कोल्हापुरातल्या नळांना पाणी नव्हतं, पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांपुरतं राखून ठेवलेलं. आणि मी हजेरी भरत होतो. वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

संध्याकाळी संगणकानं ती हजेरी उचलली आणि तेहतीस जणांना मेसेज गेला: 'आपण पूर्वसूचनेशिवाय गैरहजर आहात. कारवाई होऊ शकते.' त्यातला एक मोल्डर बायकापोरांसह एका शाळेतल्या निवारा केंद्रात होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अर्धा तास फोन लावून त्यानं चालू केला, तर पहिला निरोप आमचा. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी त्याच्या मेव्हण्यानं सांगितलं, तेव्हा मला कळलं.

गंमत अशी, की आपत्तीची योजना आमच्याकडे होती. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटला ती दाखवावीच लागते. चाळीस पानं मीच टाइप करून घेतली होती. वीज गेली की फर्नेसला थंड पाणी पुरवणारा डिझेल पंप कुणी चालू करायचा, आतला रस गोठायच्या आत कुठं ओतायचा, हिशेबाची प्रत रोज रात्री पुण्याला कशी जाते, आपलं काम तात्पुरतं दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल, सगळं होतं. आणि ती योजना चालली, हेही सांगतो. फर्नेसचं लायनिंग वाचलं, एक ग्राहक तुटला नाही. माणसांसाठी शेवटी परिशिष्ट सात होतं, एक पान: नाव, पद, मोबाइल नंबर. निम्मे नंबर बदललेले.

त्या पानावर काय हवं होतं, ते पाण्यानं शिकवलं. माणूस नदीच्या कुठल्या अंगाला राहतो, हे पहिलं. पत्ता असतोच हो, पण कुठल्या पुलावर पाणी आलं की तो अडकतो, हे पत्त्यात नसतं. त्याला विचारलं तर तो एका दमात सांगतो, कारण ते त्याला लहानपणापासून पाठ असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, बाळंतीण आहे का, हे दुसरं. आणि तिसरं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. चिखलीकडच्या एका फर्नेसवाल्याला मी ६ तारखेला फोनवर म्हणालो, "लवकर बाहेर पडा, कंपनीत या, इथं सोय आहे." तो म्हणाला, "सायेब, दोन म्हशी हाईत. त्या कुठं बांधू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं अखेर दावी सोडली आणि छपरावर चढला. बोट आली तेव्हा म्हशी दिसत नव्हत्या.

पगाराची गोष्ट तर लाजेची. हजाराच्या आत कामगार असले की सात तारखेपर्यंत पगार द्यायचा, हा तेव्हाचा कायदा मी नव्या लोकांना शिकवत असे. त्या महिन्यात पगार तेरा तारखेला झाला. बँकेला दोन मंजुऱ्या लागत: एकीचं टोकन हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये आणि तो शहरात अडकलेला, दुसरी मालकांची आणि ते पुण्यात. ज्या आठवड्यात माणसाला दुधाला, औषधाला रोख लागत होती, त्याच आठवड्यात आम्ही त्याला हात हलवत बसवलं. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून पावसाळ्यात पगारपत्रक महिनाअखेरीलाच तयार ठेवा. मंजुरीचे अधिकार नदीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या माणसांकडे द्या. पत्रक नाहीच झालं, तर मागच्या महिन्याचा मूळ पगार उचल म्हणून टाका, हिशेब मागाहून जुळवा. थोडी रोकडही तिजोरीत असू द्या, कारण वीज गेली की एटीएम म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

फोन कुणी करायचा, हेही ठरवून ठेवा. ऑफिसातून फोन गेला की समोरचा आधी घाबरतो. त्याच्या टोळीतल्या माणसानं करावा, आणि 'कधी येतोस' हे त्या फोनवर विचारायचंच नाही. घरचे कुठं आहेत, काय लागतंय, एवढंच. हजेरीत त्या दिवसांसाठी वेगळं अक्षर ठेवा आणि आपोआप जाणारे मेसेज पहिल्याच दिवशी बंद करा. घरातला गाळ काढायला आठ दिवस लागतात. ते दिवस मी आधी त्यांच्या हक्काच्या रजेतून कापले होते. युनियननं टेबलावर हात आपटला, आणि बरोबरच आपटला.

आणखी एक चूक अशी, की करताना ती फार चांगली वाटली. पुरात जे कंपनीत राहून दोन-दोन पाळ्या करत होते, त्यांचा १५ ऑगस्टला सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. जे येऊ शकले नव्हते ते मागच्या रांगेत उभे होते, काहींच्या चपलाही उसन्या. त्या दिवसापासून शॉपमध्ये 'आलेले' आणि 'न आलेले' असे दोन तट पडले, ते दिवाळीपर्यंत मिटले नाहीत. राबलेल्यांना ओव्हरटाइम द्या, झोप द्या, पण मिरवू नका.

परत आलेल्यांकडे मात्र नीट बघा. एकाची भिंत पडली होती. तो तिसऱ्या दिवशी रसानं भरलेल्या लॅडलजवळ नुसता उभा राहिला, हाक मारली तरी वळेना. दोन आठवडे त्याला पॅकिंगला ठेवलं, पगार तोच. तेव्हा कुणाकडे पाठवावं हे सुचलं नव्हतं. आता टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो मी कॅन्टीनमध्ये, हात धुवायच्या नळावर चिकटवलाय. नोटीस बोर्ड कोण वाचतो?

जुलै २०२१ मध्ये महामार्गावर पुन्हा पाणी आलं. या वेळी इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटांनाच, टोळीप्रमुखांचे फोन सुरू झाले आणि आमचा टेम्पो कास्टिंगऐवजी जनावरं आणायला गेला. पॅटर्न ठेवायच्या शेडमध्ये नऊ म्हशी आणि एक खोंड बांधला. पुण्याहून मालकांचा फोन आला, "अहो, शेडमध्ये म्हशी दिसतायत कॅमेऱ्यात. हे आपल्या योजनेत कुठं बसतं?"

"परिशिष्ट सात," मी म्हणालो.