पद्मिनीचे बंपर घरीच बदलताना

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. गंजलेले बंपर घरी बदलता येतील का?
– एक वाचक, सोनगीर

उत्तर : येतील, पण जोडीला एक माणूस हवाच. बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही बोल्ट फिरला नाही तर जोर करू नका, सरळ कापून काढा; नाहीतर ब्रॅकेटही वाकतं.

पण नवे बंपर घ्यायची घाई कशाला? जुने आतल्या बाजूने टोच्याने टोचून पाहा. पत्रा आरपार गेला नाही, तर ते जरूर वाचवा, असा माझा आग्रह आहे. सोनगीरला तर पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर आहेत. पोचे काढायला त्यांच्यासारखा बसलेला हात कुठे मिळणार? पोचे मुलाम्याआधीच काढायचे. मग तांबं, त्यावर निकेल, शेवटी क्रोम. चकाकते क्रोम, पण गंज अडवतं ते खालचं निकेल. तिथे काटकसर नको. मुलामा घरी मुळीच करू नका, क्रोमचं द्रावण विषारी असतं.

बसवताना सगळे बोल्ट आधी सैल लावा, दोन्ही टोकांचं बॉडीपासूनचं अंतर मोजून सारखं करा, मगच आवळा.