पहिल्या सत्रातला तो तास टाळावा का?

प्रश्न : मुलगी बीरगांवच्या हिंदी माध्यमाच्या शाळेतून रायपूरच्या महाविद्यालयात गेली. तिथे नव्या विद्यार्थ्यांसाठी चर्चासत्राचा तास असतो. तो सोडून तिने अभ्यास केला तर? – एक पालक

उत्तर : सोडू देऊ नका. संदर्भ शोधणे, टिपणे काढणे, न समजलेले निःसंकोच विचारणे हे महाविद्यालय गृहीत धरते, पण शिकवत कोणीच नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाने 1972 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2019 चा ‘दीक्षारंभ’ हा नव्या विद्यार्थ्यांसाठीचा परिचय कार्यक्रम आहे. मात्र तो सुरुवातीलाच उरकतो आणि खरी धांदल उडते पहिल्या चाचणीनंतर. म्हणून सत्रभर चालणारा तास मला जास्त मोलाचा वाटतो. मुळात होतकरू मुलेच अशा वर्गांना बसतात, मग निकाल चांगले दिसणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टन आणि कोहेन यांनी 2011 च्या अभ्यासात कोणता विद्यार्थी कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिकपणे ठरवले होते. सुरुवातीचा परकेपणा सर्वांनाच वाटतो आणि ओसरतो, एवढे पटवणाऱ्या तासाभराच्या उपक्रमानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण तीन वर्षे सुधारत गेले. 2023 मध्ये 22 संस्थांत झालेल्या अभ्यासाने त्याला मर्यादाही घातली: संस्था खरोखर सामावून घेत असेल तिथेच फायदा दिसतो. तेव्हा तिथे हिंदीतून शंका विचारता येतात का आणि लिहिलेले कोणी तपासून परत देते का, एवढे मुलीला जरूर विचारा.