पिलें पाजणाऱ्या डुकरिणीच्या क्षारांचा जमाखर्च

सावंतवाडी तालुक्यांत, विशेषतः बांदा, आरोंदा, सातार्डा अशा गोव्याच्या सीमेकडील गांवांत, कांहीं कुटुंबांत डुकरें पाळण्याची चाल जुनी आहे. गोव्यांतील 'आगोंद गोवन' या स्थानिक जातीची तर राष्ट्रीय नोंदवहींत नोंद झाली असून, जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषि संशोधन संस्थेंत या जनावरांचा अभ्यास चालतो. तेव्हां या धंद्याकडे नाक मुरडून पाहणें योग्य नव्हे.

आमच्या पाहण्यांतील एका शेतकऱ्याची डुकरीण दहा पिलें व्याली. पिलें तोडल्यावर आठवड्याच्या आंत तिचे मागील पाय लुळे पडले व अखेर ती मारावी लागली. धन्यानें दृष्टीवर बोल ठेविला. आम्ही सारी नोकरी हिशेबाच्या वह्यांत घालविली असल्यानें आमचें लक्ष तिच्या जमाखर्चाकडे गेलें.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. दहाएक पिलें पाजणारी सुधारलेली डुकरीण दिवसास ६ ते ८ किलो दूध देते. दर किलो दुधांतून सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम व दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो. खाल्लेलें सर्वच अंगीं लागत नसल्यानें खाद्यांत शेंकडा पाऊण भाग कॅल्शियम असावें असा ठोकताळा आहे. म्हणजे ५ किलो खाद्यांत ३७ ग्रॅम.

आतां जमेची बाजू. आपल्याकडे भाताचा कोंडा, पेज व खरकटें हेंच मुख्य खाद्य. कोंड्यांत फॉस्फरस पुष्कळ, परंतु त्यांतील बहुतेक डुकरास पचत नाहीं. आणि कॅल्शियम तर शेंकडा दशांशही नसतें. उरलेली तूट डुकरीण आपल्या हाडांतून भरून काढते. पिलें गुबगुबीत दिसतात तीं आईच्या भांडवलावर!

ही तूट भरून काढण्याचें साधन आपल्या किनाऱ्यावरच आहे. कालवें व तिसऱ्या यांचे शिंपले धुवून, वाळवून बारीक कुटावे. रोजच्या ५ किलो खाद्यांत ६० ग्रॅम हें पीठ व पाव किलो बिनमिठाच्या सुक्या मासळीचें कूट घालावें. मासळीच्या कांट्यांतून पचणारा फॉस्फरसही मिळतो. भट्टींत भाजलेला कळीचा चुना मात्र कदापि घालूं नये, तो तोंड व आंतडीं जाळतो. शिंपल्यांचें पीठ मापाबाहेर दिल्यास जस्त अंगीं लागत नाहीं व कातडीवर खपल्या धरतात. मासळी न मिळाल्यास पशुवैद्यांच्या सल्ल्यानें डुकरांसाठीं तयार केलेलें खनिज मिश्रण वापरावें. हा क्रम वीण होण्यापूर्वींच सुरू करावा.

मीठ ५ किलो खाद्यास २५ ग्रॅम पुरे. खारवलेली मासळी घालीत असल्यास तें वेगळें देऊं नये. पाणी कमी पडल्यास मिठाचीच विषबाधा होते. पाजणाऱ्या डुकरिणीस दिवसास २० लिटरांहून अधिक स्वच्छ पाणी लागतें.

लोहाचा हिशेब निराळा आहे. पिलूं जन्मतः सुमारें ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येतें. त्याची रोजची गरज ७ मिलिग्रॅम, आणि आईच्या दुधांतून मिळतें जेमतेम १. आईस कितीही लोह चारलें तरी तें दुधांत फारसें उतरत नाहीं. पूर्वीं पिलें आपल्या तांबड्या जांभ्या मातींत उकरीत, तेथून त्यांना लोह मिळे. आतां सिमेंटची जमीन आल्यावर तो मार्ग बंद झाला, व दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत पिलें पांढुरकीं पडून धापा टाकूं लागतात. यास्तव तिसऱ्या दिवशीं पशुवैद्यांकडून २०० मिलिग्रॅम लोहाची सुई टोंचवून घ्यावी. सोबत कोपऱ्यांत थोडी तांबडी माती टाकण्यास हरकत नाहीं; पण जेथें डुकरें कधीं फिरलीं नाहींत तेथलीच आणावी, नाहींतर जंतांची अंडीं घरांत येतील.

लुळी पडलेली डुकरीण गेली म्हणजे तिच्या पुढील चार-पांच विणीही गेल्या. तिच्या मानानें शिंपल्यांच्या पिठाचा खर्च तो कितीसा? शेतकरी बांधवांनीं ही वही दर विणीस आधींच उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.