गच्चीवरचे आकाश कोणाचे?

चेन्नईतील मैलापूर ही कपालीश्वर मंदिराभोवतीची दाट वस्ती आहे. तेथे उन्हाळ्यात घरोघरी गच्चीवर 'वडाम', म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालतात. समजा, वाळवण राखणाऱ्या आजींच्या डोक्यावर कॅमेरा लावलेला ड्रोन घिरट्या घालू लागला, तर रहिवासी संघाने काय करावे?

दगड मारून तो पाडणे उचित नव्हे; तो कोसळल्यास कोणी जखमी होईल. शिवाय उड्डाणांचे नियमन संघ करीत नाही, केंद्र सरकार करते. 'ड्रोन नियम, २०२१' यांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केले आहेत. लाल विभागात केंद्र सरकारच्या अनुमतीविना ड्रोन उडवता येत नाही. परंतु उडण्याची मुभा म्हणजे घरात डोकावण्याची मुभा नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

म्हणून संघाने दिवस व वेळ नोंदवावी, शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. संघाच्या समारंभात ड्रोनने चित्रीकरण करायचे असेल, तर शेजाऱ्यांनाही आधी कळवावे.

विचार करा : आजींच्या वतीने तुम्ही तक्रार-अर्ज लिहीत आहात. त्यात कोणत्या बाबी नमूद कराल?