मागच्या चाकांची गाडी आणि पनवेलचा पाऊस

सायन-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, जेएनपीटीचा रस्ता आणि पुण्याला जाणारा 94.5 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग असे सगळे रस्ते कळंबोलीला येऊन मिळतात. मी इथून इनोव्हा क्रिस्टा चालवतो. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. डिझेल मॅन्युअल क्रिस्टा 1400 आरपीएमलाच 343 न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे ओल्या रस्त्यावर पाय जरा दाबला की मागची चाकं घसरून फिरतात. स्कॉर्पिओ, बोलेरो आणि टू-व्हील-ड्राइव्ह फॉर्च्युनर चालवणाऱ्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू आहे.

1. मुसळधार पावसापेक्षा पहिल्या भुरभुरीला जास्त भ्यावं. एप्रिल-मे दोन्ही महिने कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातल्या ट्रेलरचं ऑइल, सांडलेलं डिझेल, टायरचं रबर आणि धूळ रस्त्यावर साचत जाते. थोडा पाऊस ते फक्त ओलं करतो, धुऊन नेत नाही. चांगला जोराचा पाऊस पडून गेला की तोच रस्ता बराच बरा होतो.

2. रिकामी गाडी जास्त घसरते. हे पाहायचं असेल तर पावसाळ्यात बाजारातल्या एखाद्या गोदामाच्या फाटकाशी उभं राहा. ट्रॉली सोडून आलेला नुसता घोडा, म्हणजे ट्रेलरचा पुढचा ओढणारा भाग, चिखलाच्या छोट्या चढावर अडकतो. ड्रायव्हर रेस देतो तशी मागची चाकं जागच्या जागी फिरतात, चिखल भिंतीवर उडतो, आणि क्लीनर चाकाखाली गोणपाट सारतो. तोच घोडा कॉइल लादलेली ट्रॉली घेऊन मुकाट चढून जातो, कारण आता मागच्या चाकांवर वजन आहे. आपल्या गाडीचंही तेच. विमानतळावर सहा माणसं आणि बॅगा उतरवून परतताना मागचा भाग हलका झालेला असतो. जाताना जेवढी रेस चालली, तेवढी येताना चालणार नाही.

3. आधी वळा, मग रेस द्या. टायरची पकड ठरावीक असते. ती वळण्यात खर्च झाली की गाडी ढकलायला फारशी उरत नाही. कळंबोली सर्कलवरून बाहेर पडताना स्टीअरिंग सरळ होईपर्यंत पाय हलका ठेवावा. पावसात पॉवर मोडचं बटण दाबूच नये. निसरड्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर चाकं कमी फिरतात.

4. घाट उतरताना गिअर टाकण्यात घाई नको. हा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण चांगले मुरलेले ड्रायव्हरही इथे फसतात. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना इंजिनाने गाडी रोखायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या गाडीत इंजिनाचा रोध फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. ओल्या रस्त्यावर, भर वेगात तिसरा किंवा दुसरा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर हँडब्रेक खेचल्यासारखं होतं. मागची चाकं क्षणभर अडतात आणि गाडी आडवी होऊ पाहते. म्हणून आधी पायाच्या ब्रेकने वेग उतरवा, तो चारही चाकांवर लागतो. मग गिअर टाका, किंचित रेस देऊन क्लच सावकाश सोडा. शक्यतो उतार लागण्याआधीच हे उरकून घ्या.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे तर साफ चुकतात. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचतही नाही आणि ताबाही नाही.

5. दोनच नवीन टायर घेणार असाल तर ते मागे घाला. बरेच टायरवाले पुढे घालायचा आग्रह धरतात. ऐकू नका. पुढची पकड सुटली तर पाय काढल्यावर गाडी बहुधा ताळ्यावर येते. मागची सुटली तर गाडी फिरते. कायद्याने 1.6 मिलिमीटर खाचा चालतात, पण कोकणातल्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली मी टायर ठेवत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी जुनं रबर कडक होतं.

6. मागून सुटलीच, तर ब्रेकवर उभं राहू नका. पाय अलगद काढा, क्लच दाबा, नजर जायचंय त्या दिशेला ठेवा आणि शेपूट ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला स्टीअरिंग वळवा. गाडी सावरू लागली की लगेच सरळ करा, नाहीतर ती उलट्या बाजूला फेकते. मीटरवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकलं, तर ट्रॅक्शन कंट्रोल आपल्यासाठी काम करतोय. पाय आणखी हलका करा.

7. चिखलात एकच चाक फिरत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून हँडब्रेक थोडासा ओढा आणि हळू रेस द्या. फिरतं चाक अडलं की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

मे संपायच्या आत एकदा वाकून मागची दोन टायर बघा. गोटा झाली असतील तर बाकी सगळे खर्च पुढे ढकला आणि आधी ती बदला.