कामात गुंतलेले हात: छायाचित्रे आणि त्यांची पारख

कुशल कारागिराच्या हातांचे छायाचित्र घेणे वरवर पाहता सोपे वाटते. कारागीर एका जागी बसलेला असतो आणि तीच क्रिया पुनःपुन्हा करीत असतो. तरीही हात नेमके काय करीत आहेत, हे अशा फारच थोड्या छायाचित्रांवरून सांगता येते. बहुतेकांत दिसतात त्या सुरकुत्या, शिरा आणि नखांत साचलेला मळ. त्यांनी मनात आदर उत्पन्न होतो. कामाचे ज्ञान मात्र होत नाही.

हा भेद समजून घेण्यास कर्नाटकातील बीदर येथील बिदरी काम हे चांगले उदाहरण आहे. पुष्कळसे जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू वाळूच्या साच्यात ओततात. ती घासून गुळगुळीत केल्यावर तिच्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्यामुळे करडा पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि त्यावर कोरलेली नक्षीची रेषा डोळ्यांस स्पष्ट दिसते. मग छिन्नीने खाचा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात व वस्तू पुन्हा घासतात. या घासण्यात तो पहिला काळेपणा निघून जातो. शेवटी वस्तू किंचित तापवून, बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप तिला चोळतात. मिश्रधातू कायमचा काळा पडतो. चांदीवर काही परिणाम होत नाही.

समजा, कोरण्याच्या अवस्थेची तीन छायाचित्रे एका ओळीत मांडली आहेत. पहिले समोरून फ्लॅशचा झोत टाकून घेतलेले आहे. हात स्वच्छ दिसतात, परंतु धातूवर पांढरा डाग पडला आहे आणि खाच कोठेच दिसत नाही. खाच म्हणजे खोली, आणि खोली दाखविते ती सावली. समोरच्या प्रकाशाने सावलीच पुसून टाकली. वस्तुतः एका बाजूच्या खिडकीतून पृष्ठभागाला घासून जाणारा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूस सावली सौम्य करण्यासाठी धरलेला पांढरा कागद, एवढे साहित्य येथे पुरेसे होते.

दुसऱ्या छायाचित्रात असा प्रकाश आहे. शटरची गती १/५०० सेकंद असल्याने हातोडी हवेत जागच्या जागी थबकलेली दिसते. छायाचित्र देखणे आहे, पण दोन दोषांमुळे ते कमी पडते. भिंगाचे छिद्र मोठे ठेवल्याने इतक्या जवळून स्पष्टतेची मर्यादा काही मिलिमीटरच उरली; मनगटावरील लव मोजता येते, छिन्नीचे टोक मात्र धूसर आहे. वास्तविक सर्व काम त्या टोकाशी चालले आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कारागिराला ‘जरा थांबा’ असे सांगून हे छायाचित्र घेतले असावे, अशी शंका येते. कारण छिन्नी धरणारी बोटे सैल आहेत आणि टोकापाशी धातूची कीस उठलेली नाही. थांबविलेला हात त्याच जागी असला तरी तो काम करणारा हात राहत नाही.

तिसरे छायाचित्र १/३० सेकंदात, कॅमेरा तिवईवर बसवून आणि छिद्र एफ/८ पर्यंत लहान करून घेतले आहे. हातोडी व उजवे मनगट यांची पुसट रेघ उमटली आहे. छिन्नी धरणारा डावा हात व टोक रेखीव आहेत. घाईने पाहणारा याला हललेले छायाचित्र म्हणून बाजूस सारील. परंतु कोणता हात आघात करतो आणि कोणता दिशा देतो, हे तिहींपैकी यातच कळते. येथील अस्पष्टता हा दोष नव्हे. ती माहिती आहे.

याचा अर्थ हातांचे प्रत्येक छायाचित्र कृतीचेच असावे असा नव्हे. इटलीत जन्मलेल्या तिना मोदोत्ती यांनी १९२७ मध्ये मेक्सिकोत अवजाराच्या दांड्यावर विसावलेल्या हातांचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. ते हात काही करीत नाहीत. ते श्रमाविषयी बोलतात. अशा चित्राकडून कसबाची नोंद मागणे अन्यायाचे होईल. परीक्षकाने प्रथम विचारावे ते हे, की चित्र काय सांगू पाहते. मळकट नखे दाखवून कसबाची नोंद केल्याचा आव आणणारी चित्रे मात्र या दोहोंत कोठेच बसत नाहीत, आणि दुर्दैवाने पुस्तकांत त्यांचीच गर्दी असते.

तयार बिदरी वस्तू हातात धरलेली असेल, तर प्रकाशमापक फसवितो. समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे तो धरून चालतो. त्यामुळे चौकट काळ्या सुरईने भरली की तो जास्त प्रकाश सुचवितो. काळा रंग राखेसारखा होतो आणि चांदीची वेल पांढऱ्या पट्ट्यात विरून जाते. हाताच्या जागी करडा कागद धरून मोजणी केल्यास सुरई, त्वचा आणि चांदी तिन्ही आपापल्या छटेत राहतात.

छापखान्यात होणारी एक चूकही येथे नोंदवावयास हवी. पूर्वी निगेटिव्ह उलटी बसली की कारागीर डावखुरा होत असे. आता पानाची मांडणी सुबक दिसावी म्हणून चित्र संगणकावर जाणूनबुजून उलटविले जाते. निसर्गदृश्यात हे कदाचित खपून जाईल. हातांच्या चित्रात मात्र त्यामुळे क्रियेची नोंदच खोटी ठरते.

छायाचित्रांची पारख करताना कारागिराचे मत घेण्याची पद्धत फारशी आढळत नाही. ते घेतले, तर छिन्नीचा कोन, बोटांची पकड, प्रकाशाची दिशा यांविषयी तो जे सांगेल ते कोणत्याही छायाचित्रकाराच्या टीकेहून नेमके असण्याचा संभव आहे. केवळ हातच चौकटीत घेतल्याने माणूस निनावी होतो, ही अडचणही त्याच भेटीत सुटू शकते: त्याची संमती असल्यास नाव चित्राखाली द्यावे. त्यासोबत कामाची अवस्थाही लिहावी. कोरण्याच्या चित्रात दिसणारा काळा पृष्ठभाग मोरचुदाचा आहे, मातीच्या लेपाचा नव्हे, हे चित्र स्वतः सांगू शकत नाही.