उपकरणांची ओळख कशी पटते?

आजच्या युगात मोबाईल, प्रिंटर, कॅमेरे अशी कितीतरी उपकरणे एकाच नेटवर्कला जोडलेली असतात. त्यांतले कोणते कशाचे, हे डोळ्यांनी न पाहता ओळखता येते. मी कला शाखेचा विद्यार्थी आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. तरीही हा विषय केवळ विज्ञान शाखेचा आहे, असे मला वाटत नाही.

या कामाच्या साधनांत ‘एनमॅप’ प्रसिद्ध आहे. गॉर्डन लायन यांनी ते १९९७ साली प्रसिद्ध केले. ओळखीच्या पायऱ्या साधारणतः तीन. पहिली हजेरीची. स्कॅनर प्रत्येक पत्त्याला हाक घालतो. जो ‘ओ’ देईल तो हजर. नेटवर्क स्थानिक असेल तर उत्तराबरोबर ४८ बिटांचा मॅक पत्ताही कळतो. त्यातले पहिले २४ बिट सहसा उत्पादक कंपनी दाखवतात. हे जणू आडनावच! दुसरी पायरी दारांची. पोर्ट म्हणजे दार. ९१०० क्रमांकाचे दार उघडे असेल तर बहुधा प्रिंटर, ५५४ असेल तर बहुधा कॅमेरा. तिसरी पायरी बोलीची. निरनिराळे संदेश पाठवून उत्तराची ढब पाहतात आणि ती साठवलेल्या नमुन्यांशी ताडतात.

याचा उपयोग काय? २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. घरात काय जोडले आहे हेच ठाऊक नसेल, तर राखण कशी करणार? मात्र परक्याचे नेटवर्क परवानगीवाचून तपासू नये.

तथापि ही ओळख म्हणजे अनुमानच. २०२० पासून आयफोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता देऊ शकतो. तेथे आडनावावरून काही कळत नाही. नमुना तंतोतंत जुळला नाही तर एनमॅप आपला अंदाज टक्केवारीसह मांडते.

वाचकहो, येथे मला आपलीच रीत आठवते. नवा विद्यार्थी आला की आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो, बोली ऐकतो आणि त्याला एका खान्यात टाकून मोकळे होतो. मलाही अनेकांनी असेच टाकले आहे. यंत्र निदान आपली खात्री किती टक्के आहे ते सांगते. आपण मात्र नेहमी शंभर टक्केच धरून चालतो.